नरम पाट्यांची जीप

माझा धाकटा भाऊ आमच्या जीपखाली सापडून गेला, तेव्हा गाडी माझे यजमान चालवत होते.

आम्ही राहायला अमरावतीत आणि आमचा संत्र्याचा बगीचा मोर्शीकडे. जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. भाऊ दिवाळीच्या चार दिवस आधी अकोल्याहून, माझ्या माहेरून, आला होता. त्याला रेडिओचं वेड होतं. भंगारात निघालेल्या एका मोटारीतला रेडिओ त्यानं मिळवला होता आणि तो आमच्या जीपमध्ये बसवून द्यायचा म्हणून टॉवेलात गुंडाळून सोबत आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि यजमान बगीच्यात गेले, संत्र्यांची तोड बघायला. परत येताना नाल्याच्या उतारावर जीपचं पुढचं एक अंग एकदम खाली बसलं आणि गाडी उलटली. यजमान बांधावर फेकले गेले आणि त्यांची पाठ मोडली. भाऊ खालीच राहिला.

निरोप आला तेव्हा मी चिवड्याचे पोहे भाजत होते. मी कढई खाली उतरवली, पोहे परातीत काढले, वर झाकण ठेवलं, हात धुतले आणि मग निघाले. हे सगळं मला अजून जसंच्या तसं आठवतं. इस्पितळात कोण कोण होतं, कोण काय बोललं, त्यातलं मात्र काही आठवत नाही.

भावाला अकोल्याला नेलं. मी तिथे तीन दिवस राहिले आणि परत आले, कारण इकडे यजमान प्लास्टरमध्ये पडलेले. निघताना आईनं मला अडवलं नाही आणि त्यांची चौकशीही केली नाही. पुढच्या पाच महिन्यांत बाबा दोनदा येऊन गेले. इस्पितळात पलंगाजवळच्या स्टुलावर बसत, कापसाबद्दल बोलत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. आई आली नाही. ती काय म्हणते असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, काही म्हणत नाही, काम करते.

मीही कामच करत होते. मी रडले नाही. लोकांना ते धीराचं वाटलं. मला ते कसलंच वाटत नव्हतं. भाकरी थापताना तवा हाताला लागला, तरी चटका थोड्या वेळानं कळायचा.

चैत्रात यजमान इस्पितळातून घरी आले. पाठीला चामड्याचा आणि लोखंडी पट्ट्यांचा पट्टा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अधूनमधून पट्टा सैल करत टेकून बसलं तर चालेल, पण हिसका बसता कामा नये. घरी आल्यावर आठवडाभरानं, मी त्यांना दूध देत असताना ते म्हणाले,

"मले अकोल्याले जायचं आहे. तुह्या मायले भेटाचं आहे."

मी म्हटलं, बाबांना सांगून तिलाच इकडे बोलावू. ते म्हणाले, नाही, मलाच गेलं पाहिजे. मी आगगाडीचा विषय काढला. बडनेऱ्याला गाडी बदलायची, फलाटावरून लोकांच्या देखत उचलून न्यायचं, ते त्यांना नको होतं. मग बराच वेळ भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, जीप कुठे आहे. पाच महिन्यांत त्यांनी जीपचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

जीप बडनेरा रोडवरच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये होती. आमची गाडी पहिल्यापासून तेच बघत, यजमानांना भाऊसाहेब म्हणत. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस, लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला. शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांनी जीपचा पत्रा ठोकून सरळ केला होता, काच नवी बसवली होती. पुढची डावी बाजू मात्र लाकडाच्या ठोकळ्यावर उभी होती. मी विचारलं, हे तसंच का ठेवलं. ते थोडे घुटमळले. मग आतून एक पोलादी पट्टीचा तुकडा घेऊन आले.

चाकाच्या वर अशा पट्ट्या एकीवर एक बांधलेल्या असतात, गाडीचं सगळं ओझं त्या पेलतात. मिस्त्री त्यांना पाटे म्हणत. हा सगळ्यात वरचा, मोठा पाटा होता. तो उतारावर तुटला आणि गाडी बसली. त्यांनी तुटलेली कड माझ्यापुढे धरली. अर्धी कड गंजून काळी पडलेली, अर्धी पांढरी, चमकणारी.

"काळी हाये ते जुनी चीर," ते म्हणाले. "पोळ्याच्या वक्ताले मी भाऊसाहेबाले सांगितलं होतं, बाई. पाटा बदलून घ्या म्हणलं. ते म्हणे, हंगाम होऊ दे."

मी तो तुकडा हातात घेतला. दिसतो त्यापेक्षा जड होता. मी उभी राहिले आणि वाट बघितली. आता राग येईल, नाहीतर रडू फुटेल. काही झालं नाही. समोरच्या रस्त्यानं सरकीची पोती भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्या मी मोजल्या. पाच होत्या. मग मी तुकडा त्यांना परत दिला आणि विचारलं, पाठ मोडलेल्या माणसाला अकोल्यापर्यंत हिसका न लागता नेता येईल, अशी ही गाडी करता येते का.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी सांगितलं. जीपचे पाटे मुळात आखूड आणि कडक, ओझं आणि खड्डे यांच्यासाठी केलेले. गाडी रिकामी असली की ती उडते. भंगार बाजारात एका मोठ्या मोटारीचे लांब पाटे मिळण्यासारखे होते, ते कापून, वाकवून बसवता येतील. प्रत्येक चाकावरचे दोन-तीन पाटे कमी करता येतील. शिवाय त्याच मोटारीचे शॉकॲब्सॉर्बर, त्यांच्यासाठी चेसीसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतील.

"नरम होते," ते म्हणाले, "पण मंग वळणावर डुलते. सायकलवानी हळू चालवा लागते."

मी म्हटलं, हळू चालवू.

काम तीन आठवडे चाललं. मी रोज दुपारी यजमानांचं जेवण आटोपलं की तिथे जाऊन बसायची. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण दुसरीकडे कुठे बसावं तेही कळत नव्हतं. मिस्त्री भट्टीत पाटा लाल करत, ऐरणीवर ठोकून बाक देत, तेलात विझवत. दोन पाट्यांच्या मध्ये काळं वंगण भरत, म्हणजे ते एकमेकांवर सरकतील आणि कुरकुरणार नाहीत. त्यांची बायको शेडच्या मागे राहत्या घरातून मला पाणी आणून द्यायची, मग चहा. मी दोन्ही घेत असे. आमच्या घरी यावरून सासूबाई दोन दिवस बोलल्या, की बाई माणसानं मिस्त्रीच्या शेडमध्ये बसू नये आणि त्यांच्या घरचं तर पिऊच नये. मी ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यात बंडखोरी नव्हती. मला त्यांचं बोलणं पोचतच नव्हतं.

पहिला प्रयत्न फसला. मिस्त्रींनी पुढच्या सीटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, मला मागे बसवलं आणि गाडी कापसाच्या बाजाराकडे काढली. सपाट रस्त्यावर पाणी हललंसुद्धा नाही. पण बाजाराच्या फाटकापाशी बैलगाड्यांनी पडलेल्या चाकोऱ्या होत्या, तिथे गाडी इतकी खाली बसली की चाकांचा आस चेसीसवर धाडकन आदळला आणि तांब्या माझ्या पायाशी येऊन पडला. मिस्त्रींनी गाडी थांबवली. उतरून त्यांनी खाली वाकून बघितलं. परत जाऊन त्यांनी मागच्या चाकांना एकेक पाटा परत चढवला आणि ट्रकच्या जुन्या टायरचे जाड ठोकळे कापून चेसीसखाली बसवले. पुढच्या खेपेला चार-सहा थेंब सांडले. "हे चालते," ते म्हणाले. सीटला एका मोडीत निघालेल्या बसच्या स्प्रिंगा घातल्या आणि वर मी घरून आणलेली कापसाची गादी शिवून घेतली.

मग मी रेडिओ घेऊन गेले. तो सहा महिने घरी पलंगाखाली होता, भावाच्या टॉवेलात तसाच. का नेला, ते मला सांगता येणार नाही. गाडीचं काम चाललं होतं आणि हे गाडीचं सामान होतं, एवढंच. मिस्त्रींनी टॉवेल उलगडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि विचारलं की भाऊसाहेबांना माहीत आहे का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बसवून ठेवतो, नको वाटला तर काढता येतो.

रेडिओला पाट्यांपेक्षा जास्त त्रास पडला. इंजिन बंद असताना नागपूर केंद्र छान लागायचं. इंजिन सुरू केलं की आतून चणे फुटल्यासारखा आवाज. तो आवाज प्लगच्या ठिणगीचा असतो, हे मला तेव्हा समजलं. मिस्त्रींनी प्लगच्या तारांना खरखर दाबणारे रोध बसवले, डायनॅमोला कंडेन्सर लावला, बॉनेटपासून चेसीसपर्यंत तांब्याची गुंफलेली पट्टी जोडली. एकेक करत आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं. मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, सेट कोणाचा. मी आधी भावाचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, थांबा, ते नाही, आणि माझं सांगितलं. त्यानं फॉर्म बदलला.

वैशाखात एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. गाडी मिस्त्रींनीच चालवली. दोन गड्यांनी उचलून यजमानांना पुढच्या सीटवर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. मी मागे. बडनेरा ओलांडलं. गाडी होडीसारखी डुलत होती. मग यजमानांनी हात पुढे करून रेडिओच्या बटणाला बोट लावलं. हा तोच का, असं त्यांनी मला मान न वळवता विचारलं. मी हो म्हटलं. मैलभर गेल्यावर ते मिस्त्रींना म्हणाले, लाव.

मिस्त्रींनी बटण फिरवलं. खरखर झाली आणि बाजारभाव सुरू झाले. आम्ही कापसाचे, ज्वारीचे, सरकीचे भाव ऐकले. मग कोणाचं तरी शेतीवरचं भाषण. कोणी बंद करा म्हटलं नाही. मूर्तिजापूरला झाडाखाली थांबलो, मी त्यांना पाणी पाजलं, पट्टा सैल करून पुन्हा आवळला. पाठ दुखते का, असं विचारलं. ते म्हणाले, गाडीनं नाही.

आईचं घर जुन्या शहरात, गल्ली अरुंद. जीप दारापुढे जेमतेम उभी राहिली. बाबा बाहेर आले आणि त्यांना उतरवायला माणसं बोलवू लागले. यजमान म्हणाले, नको, आईंनाच इथे बोलवा. आई आली. हात ओले होते, पदराला पुसत आली. मी तिला सहा महिन्यांनी पाहत होते. ती जीपपासून दोन हातांवर उभी राहिली.

यजमानांना खाली वाकता येत नव्हतं, तिच्याकडे नीट वळताही येत नव्हतं. ते समोरच्या काचेकडे बघून बोलले.

"पाट्याले चीर होती. मले माहीत होतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं. मी हंगामापायी थांबवलं."

मिस्त्री गाडीतून उतरून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. बाबांनी भिंतीला हात लावला. मला हे ठाऊक होतं, हे यजमानांना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, पण त्यांना मागे वळता येत नव्हतं.

आईनं ओले हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग म्हणाली,

"तुमी हे नसतं सांगितलं तर बरं झालं असतं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. चुलीवर काही ठेवून आल्यासारखी ती आत गेली. आम्ही तासभर थांबलो. बाबांनी यजमानांना गाडीतच चहा दिला. मी आत गेले, तर आई ज्वारी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले. तुला माहीत होतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तीन-चार आठवड्यांपासून. ती पाखडत राहिली. निघताना तिनं माझ्या ओटीत ज्वारी घातली, नेहमी घालायची तशीच.

परतीच्या वाटेवर यजमानांनी मला विचारलं, तू कधी ऐकलंस. मी सांगितलं. मग काही बोलली का नाहीस, असं ते म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, की मला काही वाटलं नाही म्हणून. ते त्यांना माझ्या रागापेक्षा जड गेलं असावं. ते मूर्तिजापूरपर्यंत रडत होते. मिस्त्री रस्त्यावरून नजर न काढता गाडी चालवत राहिले.

त्यानंतर माझं गोठलेपण एकाएकी सुटलं, असं काही झालं नाही. दोनेक वर्षं ते तसंच होतं, मग कमी झालं, केव्हा ते सांगता येत नाही. त्या पावसाळ्यात मात्र आई आली. बाबांनी आधी पत्रही टाकलं नव्हतं, एका दुपारी दोघं टांग्यातून उतरले. ती आठ दिवस राहिली. यजमान तेव्हा अंगणात बांधलेल्या दोन बांबूंच्या मधून चालायला शिकत होते. ती त्यांच्याशी बोलत नसे, ओसरीवर बसून निवडणं-टिपणं करायची. तिसऱ्या दिवशी बांबूंच्या टोकाशी कोणीतरी बसायचा पाट ठेवलेला होता आणि यजमानांना तो दिसला नव्हता. आई उठली, तिनं पाट उचलून भिंतीला लावला आणि पुन्हा तांदळापाशी येऊन बसली. मी दारात ताक घुसळत होते. माझी रवी क्षणभर थांबली असेल, नसेल.