रिकाम्या सॉकेटची चाचणी

माझ्या नातीला वाटतं, आजी जन्मतःच शहाणी होती. तिचा गैरसमज मी दूर करत नाही. पण इथे लिहायला हरकत नाही. तेविसाव्या वर्षी मी इतकी हुशार होते की माझं मलाच ओझं व्हायचं.

बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मोटारींची थरथर मोजणारं यंत्र बनायचं. त्याच्या तीन मॉडेलांत एकाच घराण्याचे तीन प्रोसेसर. पूर्णांकांत तिघेही तरबेज. दशांशचिन्ह आलं की रांगायला लागायचे. म्हणून शेजारी फ्लोटिंग पॉइंटची वेगळी चिप बसवायची होती. दोन कंपन्यांच्या चिपा आल्या. त्यांतली एक निवडणं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. "चुकलात तर पुन्हा सोल्डरिंगच्या टेबलावर," असं साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं.

आठवडाभर चाचण्या घेतल्या. तीच गणितं करायला दोन्ही चिपांना वेळ अगदी सारखा! शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. माझं मोजमाप किती काटेकोर! आठ पानी अहवाल लिहिला. आलेखात दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या, म्हणून एक तुटक काढली.

आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ कसबा पेठेतून सायकलवर यायचे. त्यांनी अहवाल चाळला, यंत्र बंद केलं, चिप सॉकेटमधून अलगद उचलली आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

"अहो, चिप काढलीत की!"

"आपण चाचणी घ्या, मॅडम."

वेळ तेवढाच आला.

"मग ही तिसरी घ्या," रिकाम्या सॉकेटकडे बोट दाखवत ते म्हणाले. "तापतही नाही."

चिपकडून काम करून घे, असं मी प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला सांगितलंच नव्हतं. बिचारा प्रोसेसर आठवडाभर सगळी गणितं एकटाच करत होता. माझे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या डब्यातली गूळपोळी माझ्यापुढे सरकवली. "रडून झालं की प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा. साहेब चारला येतायत."

या वेळी एक चिप स्पष्ट पुढे निघाली, तिन्ही प्रोसेसरांबरोबर.

"आधीचं सांगायचं का?" मी विचारलं.

"निवड तुमची आहे ना? मग तेही तुम्हीच ठरवा."

मी अहवालाची पहिली ओळ लिहिली: आधीच्या चाचण्यांत चिप वापरलीच गेली नव्हती. साहेबांनी ती दोनदा वाचली, शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, "पुढच्या मॉडेलची मेमरीही तुम्हीच निवडा. फक्त ती वापरात आहे का, ते आधी बघा."