बारशाची गोधडी

गोधडी शिवायला बसलं की बाईंचा स्वभाव बिघडतो, असं माझ्या शिष्यिणींचं म्हणणं आहे. ते साफ खोटं आहे. माझा स्वभाव आधीपासूनच तसा आहे. गोधडीच्या निमित्ताने तो लोकांना जवळून बघायला मिळतो, एवढंच. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, त्यामुळे वाकडी रेघ दिसली की मला गप्प बसवत नाही. मग ती फळ्यावर असो की लुगड्यावर.

रत्नागिरीतल्या आमच्या घराला पुढे पडवी आहे. दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की तिथे तिघीजणी येतात. फी नाही, प्रमाणपत्र नाही. आपापली सुई आणायची आणि बोलणी खायची तयारी ठेवायची.

पहिली निवृत्त नर्स. हिची नोकरी ऑपरेशन थिएटरात झाली. हिला साधा धावदोरा शिकवताना माझ्या नाकी नऊ आले, कारण ही प्रत्येक टाका सुटा घालून त्याला गाठ मारायची. "एक तुटला तरी बाकीचे सुटायला नकोत, बाई," हे तिचं शास्त्र. मी म्हटलं, "अगो, ही गोधडी आहे, अपेंडिक्स नव्हे." दुसरी ब्युटी पार्लरवाली, वयाने माझ्या मुलीएवढी. भुवया कोरून कोरून हिला दोरा दातात धरायची सवय. हात मात्र असा स्थिर, की मला मनातून हेवा वाटतो. तोंडावर मी हे कधी बोललेली नाही.

आणि तिसरी माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरांमध्ये एक चिऱ्यांचा गडगा, तोही कमरेएवढा, त्यामुळे आमचं बोलणं सकाळी चूळ भरतानाच सुरू होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक लग्न होऊन मुंबईला. हिच्या टाक्यांची लांबी विषयावर ठरते. माशांच्या भावावर बोलत असली तर टाके बारीक, आणि लेकीचा विषय निघाला की बोटबोटभर लांब. मी तिचे जितके टाके उसवले आहेत, तेवढ्यात आणखी एक गोधडी झाली असती.

लोक विचारतात, बाजारात शेकड्याने पांघरुणं मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला? त्यांना काय सांगायचं! खाली मोठी साडी अंथरायची, तिच्यावर थर लावायचे, तळहाताने एकेक सुरकुती कडेला काढत न्यायची. मग चौघींनी चार बाजूंना बसायचं आणि कडेपासून आत, फेरीमागून फेरी घालत मध्याकडे यायचं. सुरुवातीला चौघी लांब लांब असतो. शेवटी शेवटी डोक्याला डोकं लागतं. माना सगळ्यांच्या खाली, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, त्यामुळे एरवी जे ओठांवर येत नाही ते सहज बोललं जातं. मला हे फार आवडतं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये मी इतकी वर्षं बसले, पण तिथे एकीचंही मन मला कळलं नाही.

यंदा शेजारणीची लेक बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. त्या आनंदात आठवडाभर हिचे टाके हातहात लांब पडत होते. मग एका दुपारी ही आली ती तोंड पाडून. लेकीचा फोन आला होता. 'आई, डिंकाचे लाडू करत बसू नको, इकडून विकतचे आणते. आणि गोधडी-बिधडी तर नकोच. सासूबाईंनी बाळाचं सगळं ऑनलाइन मागवलंय.'

"माझ्या हातचा तिला काय पण नको झालाय बाई," शेजारीण म्हणाली आणि सुई तशीच धरून बसली. "बाजारात मिळता ना सगळा. मग आई कशाला?"

त्या दिवशी मी तिचा एकही टाका उसवला नाही. मग पार्लरवाली म्हणाली, "नको म्हणू दे. आपण शिवायचीच. बारशाला बाळ आजीच्या गोधडीवर झोपलं पाहिजे." ठरलं! टाके सगळ्यांनी घालायचे, पण गोधडी आजीच्या हातची म्हणायची.

अडचण एकच होती. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुई धरत नाहीत. कापड जमवायला हरकत नाही, पण कातर लावायची नाही. मी गणिताची शिक्षिका, मी असलं काही मानत नाही. पण मोडतही नाही. म्हणजे बाळ झाल्यापासून बारशापर्यंत जे काय दिवस मिळतील तेवढ्यात चौघींनी गोधडी उरकायची.

कापड जमवायला निघालो तर आणखी एक पंचाईत. बाळाच्या गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, आणि शेजारणीचं कपाट उघडलं तर आत सगळं चकचकीत सिंथेटिक. "ह्याच्यावर बाळ ठेवलंस तर थेट मांडवी बंदरात घसरत जाईल," मी म्हटलं. शेवटी नर्सने नोकरीतल्या पांढऱ्या साड्या काढल्या, मी शाळेत नेसायच्या दोन सुती साड्या दिल्या आणि पार्लरवालीने नवऱ्याची चौकड्याची लुंगी आणली. नवरा चार दिवस ती शोधत होता म्हणे. ती हसून हसून सांगत होती आणि शेजारीणही हसली. मला बरं वाटलं.

एका सकाळी मुलगी झाली. बाळबाळंतीण घरी आली तशा आम्ही सुया घेऊन शेजारणीकडे दाखल झालो, कारण तिला लेकीला सोडून हलता येईना. लेक आतल्या खोलीत. ही माझ्याच वर्गात शिकलेली, गणितात बरी, बोलण्यात आखडती. येताजाता आमच्याकडे बघायची आणि आत जायची. पलंगावर अस्वलांची चित्रं असलेलं मुंबईचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. शेजारणीची नजर सारखी तिकडे जायची.

बारशाच्या आदल्या दुपारी शेवटच्या फेऱ्या राहिल्या होत्या. थंडीचे दिवस, फरशी गार, नर्सचे गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा शेजारणीने आपल्या रोजच्या अंथरुणातली मोठी गोधडी आणून जमिनीवर पसरली. तिच्यावर मधोमध बाळाची गोधडी ठेवली आणि आम्ही चौघी मोठीच्या चार कडांवर ऐसपैस बसलो. काय मऊ लागलं! गप्पा रंगल्या. हात भराभर चालले. फेरी संपली की डावा हात खालून फिरवून बघायचा, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. त्या दुपारी तो एकीनेही पाळला नाही, बाईंसकट.

नर्सने शेवटची गाठ मारली. "चला, झटकूया," म्हणत आम्ही उठलो, छोट्या गोधडीचे चार कोपरे धरले आणि ती वर उचलली. तर खालची मोठीही उठली! आम्ही खाली पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. दोन्ही गोधड्या एकजीव. त्या दुपारच्या सगळ्या फेऱ्या आरपार शिवल्या गेल्या होत्या. पार्लरवालीला हसू आवरेना. नर्स म्हणाली, "ऑपरेशन सक्सेसफुल." मीही हसले, आणि मग शेजारणीकडे लक्ष गेलं.

ती खाली बसून रडत होती. "एक गोष्ट करायला गेले पोरीसाठी. ती पण धड नाय झाली. उद्या बारसा, आता हे उसवायचा कधी नि घालायचा कधी?"

तिचं खरं होतं. नर्सच्या हातचे टाके उसवणं म्हणजे खेळ नव्हे. तरी मी कातर घेतली. कान बांधलेली लेक आवाज ऐकून दारात आली होती. तिने ते धूड पाहिलं आणि जी हसायला लागली! बाळंत झाल्यापासून तिला एवढं हसताना आम्ही पाहिलंच नव्हतं. मग हसता हसता तिचेही डोळे भरले, आणि ती सावकाश खाली त्या गोधडीवर येऊन बसली.

"बाई, कातर ठेवा. उसवू नका," ती म्हणाली.

"अगो, मग ही नेशील कशी? मोठी तुझ्या आईची रोजची आहे," मी म्हटलं.

"अशीच नेणार. बाळ मधे झोपेल, आजी कडेला." मग आईकडे न बघता, मान खाली घालून टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "रात्री ती रडायला लागली की मला काही सुधरत नाही. तू उठतेस म्हणून चाललंय. तिकडे कोण उठणार? सासूबाई सकाळी ऑफिसला जातात. त्यांनीच परवा विचारलं, आई येतील का म्हणून. मलाच तुला विचारायचा धीर झाला नाही."

शेजारणीने पदराने डोळे पुसले. "मी?" ती म्हणाली. "मी किती दिवस येऊ, बाय?"

"गोधडी फाटेपर्यंत ये."

मला त्या क्षणी आनंद झाला आणि लगेच मनात आलं, सकाळी गडग्यापाशी आता कोणाशी बोलायचं? बोटभर टाके कोणाचे उसवायचे? पण शेजारणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी कातर नर्सच्या हातात दिली. सुई घेतली, दोरा दुहेरी ओवला, आणि जिथे दोन्ही गोधड्या जोडल्या गेल्या होत्या तिथे कडेकडेने आणखी एक फेरी घालायला बसले.