मामंजींच्या मोटारीचे ब्रेक

आमच्या मामंजींची मोटार चालत होती, थांबत नव्हती.

त्यांच्या तरुणपणातली ती काळी मोटार कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती. माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि मामंजींनी जाहीर केलं, "नात माज्या गाडयेतसूनच मांडवात जातली!" बांद्याच्या पास्कू मेस्त्रीने इंजिन सुरू करून दिलं. राहिले ब्रेक. चाकाच्या ड्रमात बसणारे अर्धगोल ब्रेक-शू पार झिजलेले, आणि इतक्या जुन्या गाडीचे मिळाले तर गोव्यात म्हापशालाच!

"बाई, ह्यो जुनो शू सांगाती न्हेवा," पास्कू म्हणाला. "दुकानदाराक दाखवा, तसोच घेवन येवा."

तो काळाकुट्ट ऐवज मी पर्समध्ये घालू? (पर्स नवीन होती!)

"पास्कू, तीस वर्षं गणित शिकवलंय मी. माप असल्यावर नमुना कशाला?" मी शिवणाची टेप काढून ड्रम मोजला. नऊ इंच.

नऊ इंची शू आणले. बसेनात!

"मोठे आसत, बाई."

मी म्हापशाला जाऊन दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने निमूट दुसरे नऊ इंची दिले. तेही बसेनात!

"ड्रमच आकसला असेल," मी म्हणाले. पास्कूने छातीवर क्रुसाची खूण केली आणि चहा प्यायला निघून गेला.

तिसऱ्या खेपेला मी चिडून ड्रमच पिशवीत घातला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. दुकानदाराने त्यावर पट्टी धरली. "आठ."

"नऊ!" मी टेप उगारली.

त्याने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुमची टेप एकापासून सुरू जाता."

पहिला इंच कोणीतरी कधीच कापून नेला होता! दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. सगळी अचानक छताकडे बघू लागली.

परतताना गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर दारू शोधणारा तपासणीवाला एसटीत चढला आणि त्याने माझी पिशवी उचलून पाहिली. "बाटल्या?"

"ब्रेक!"

"मग गाडी कुठे आहे?"

"ब्रेक नाहीत म्हणून घरी आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की त्याने पिशवी परत माझ्या मांडीवर ठेवली.

पास्कूने आठ इंची शू बसवले. लग्नाच्या दिवशी मामंजी फेटा बांधून स्टिअरिंगवर बसले, मी आणि लेक मागे. हॉलच्या अलीकडे मोठा उतार लागला.

"सुनबाई, ब्रेक लागतले मा?"

"आठाला आठ, मामंजी! गणित आहे ते!" मी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण आम्हाला इथेच उतरवा."

शालू सावरत आम्ही उतारावरून चालत निघालो. मोटार आमच्या आधी पोचली आणि हॉलच्या दारात अगदी अलगद थांबली. वरपक्षाच्या बायकांनी हौसेने दार उघडलं आणि नवरीसाठी आणलेल्या निरांजनाने मामंजींना ओवाळलं!