दारातली फोडणी

१९८८ साली मी तीस वर्षांचा होतो. आज सुनेनं लसणाची फोडणी दिली आणि ती सकाळ नाकात भरली.

निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या, गल्लीत आमची नवी खानावळ होती. बोर्ड रंगवायला पैसे नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, आणि गावी पडघ्याला भावाच्या दारात परत जायचं नव्हतं मला. मी लूमच्या कामगारांना ओरडून बोलवायचो, पण मागांच्या त्या खडखडाटात कोण ऐकणार!

बायको म्हणाली, "अवो, त्यांचे कान बंद हायेत, नाक न्हाय. स्टोव्ह दारात मांडू."

"माझी बायको रस्त्यावर रांधणार न्हाय!"

"मंग तुमी रांधा," ती हसली.

तेव्हा राग आला होता. आता ती नाही, आणि तेच हसू सगळ्यात जास्त आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शिफ्ट सुटायच्या आधी, मी स्टोव्ह दारात मांडला आणि माझ्या हातानं फोडणी दिली.