कूलरच्या खोलीतलं बाळंतपण

माझ्या बायकोला साप आवडत आणि मला पुस्तकं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या लहानशा घराची वाटणी आम्ही लग्नानंतर त्याप्रमाणेच केली होती. रस्त्याकडची खोली माझ्या कपाटांची, मागची तिच्या काचेच्या पेट्यांची. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. मागच्या खोलीत कार्पेट पायथनची एक जोडी असे. हे ऑस्ट्रेलियाकडचे बिनविषारी अजगर. पुण्याच्या एका माणसाकडून तिने ते आणले होते आणि त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद केली होती. त्यांच्या पाठीवर तपकिरी-पिवळी नक्षी आहे. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी ती दाराबाहेरूनच पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या चादरीची नक्षी हाय की. कुटल्या मागावर विणली?"

सासूबाई अक्कलकोटकडच्या. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत त्या सारख्याच सहजतेने टोमणे मारतात. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. आमच्या घरात कधी अंडं शिजलेलं नाही. वाढदिवसाचा केकसुद्धा बिनअंड्याचा आहे ना, हे अव्वा दुकानदाराला दोनदा विचारून घेतात. सापांच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर मागच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये असत. "त्या फ्रिजकडं मी बगत न्हाय, त्यानं माज्याकडं बगू नये," असा अव्वांनी त्याच्याशी करार केला होता.

अजगराच्या मादीने अंडी घालावीत यासाठी बायकोने दोन हिवाळे खटपट केली. काहीच झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात ती स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती. तिने पलंगावरून हुकूम सोडला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, तोंड शक्य तितकं मागे वळवून, नराला उशीच्या अभ्र्यात घालून मादीच्या पेटीत नेऊन सोडलं. "अरे, तो साप आहे, बाँब नाही," ती म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. संक्रांतीच्या आधी ती गेली.

त्यानंतर पेट्यांची निगा माझ्याकडे आली. मी पुस्तकं बाजूला ठेवून तिची सापांवरची पुस्तकं वाचायला घेतली. दुःखात माणसाला काही तरी नेमाने करावं लागतं, आणि पाणी बदलणं, पेटी पुसणं ही कामं त्या दृष्टीने बरी होती. मार्चच्या शेवटी एका सकाळी मादी पेटीतल्या आपल्या लाकडी खोक्यात घट्ट वेटोळं घालून बसलेली दिसली. वेटोळ्यांच्या फटींतून काही तरी पांढरं दिसत होतं. मी अव्वांना हाक मारली.

त्या उंबऱ्यावर थांबल्या. "काय हाय?"

"अंडी. दीड डझन तरी असतील."

"आपल्या घरात?"

अव्वांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि मग, माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, त्या खोलीच्या आत आल्या. "लेकीनं तीन वर्सं वाट बगितली," त्या म्हणाल्या. "आता ही नीट निगाली पायजेत."

त्या उन्हाळ्यात मलाही दुसरं काही नको होतं.

बरेच लोक अशी अंडी काढून घेतात आणि उबवणीच्या पेटीत ठेवतात. बायकोला ते पटत नसे. आईजवळची अंडी आईजवळच राहू द्यावीत, असं तिचं मत होतं. शिवाय दात असलेल्या आईच्या वेटोळ्यातून अंडी काढण्याचं धाडस माझ्यात नव्हतं, त्यामुळे तिचं मत मला लगेच पटलं. पुस्तकात लिहिलं होतं की गारवा वाढला तर मादी अंगातले स्नायू आवळून, थरथरून अंड्यांना ऊब देते. तिला वाऱ्याचा झोत लागू देऊ नये. मी खिडक्या लावल्या, फटींना कापड लावलं, पेटीवर दिवा सोडला. ही पुस्तकं थंड देशांत बसून लिहिलेली असतात, हे सोलापुरात उभ्या हयातीत पुस्तकं हाताळलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

अव्वांनी तोवर मादीला बाळंतीण ठरवून टाकलं होतं. दारावर पडदा लागला. खोलीजवळ मोठ्याने बोलायचं नाही, फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार ओढून द्यायची. "पयलटकरीण हाय," त्या मला दटावत. "तुमाला काय कळतंय त्यातलं?"

एप्रिलमधल्या एका दुपारी मी पडदा सारला, तर मादी अंड्यांवर नव्हती. पाण्याच्या घमेल्यात पूर्ण बुडून, फक्त डोकं वर काढून ती पडली होती. अंडी खोक्यात उघडी, आणि त्यांतल्या दोन-तीन अंड्यांची सालं कोमेजल्यासारखी दिसत होती. आईने अंडी टाकली म्हणजे संपलंच.

"आंगुळीला गेली असंल," अव्वा मागून म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तापमापी पाहिली. पारा हवा त्याच्या कितीतरी वर होता. काय तापलं आहे म्हणून मी पेटीच्या बुडाशी हात घातला, तर जुन्या लुगड्याच्या पटकुरात गुंडाळलेली रबरी पिशवी हाताला लागली. आत गरम पाणी.

"हे कुणी ठेवलं?"

"कोण ठिवणार? भूत येतंय व्हय हितं?"

"अव्वा, बाहेर डांबर वितळतंय आणि तुम्ही तिला शेक देताय?"

"तुमची बायकू झाली तवा बी असंच ऊन हुतं. माज्या आईनं मला शेक दिलाच की. मेले का मी?" मग त्यांनी हनुवटी वर करून पेटीकडे दाखवलं. "आन् तो तुमचा दिवा? त्याची काय थंडी पडती?"

मी दिवा बंद केला. पिशवी काढली. खिडक्या उघडल्या, तर बाहेरची झळ आत आली. आता ही खोली गार कशी करायची, यावर आम्ही दोघं उभ्या उभ्याच विचार करत होतो आणि एकाच वेळी दोघांची नजर बाहेरच्या खोलीतल्या कूलरकडे गेली. घरात एकच कूलर होता. त्याच्यासमोर दुपारी अव्वांची पथारी असे.

"न्या," अव्वा म्हणाल्या. "माज्याकडं काय बगताय? ढकला की."

आम्ही कूलर ढकलत मागे नेला. वारा थेट तिच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला. पारा हळूहळू उतरायला लागला, हवेतला कोरडेपणाही गेला. दिवेलागणीच्या सुमारास घमेल्यातलं पाणी हललं. मादी बाहेर आली, जिभेने अंडी चाचपली आणि एकेक वेटोळं घालत पुन्हा त्यांच्याभोवती बसली. अव्वांनी देवघराच्या दिशेने हात जोडले. मीही जोडले असते, पण हातात ओलं फडकं होतं.

पुढचा सारा उन्हाळा साप कूलरमध्ये आणि आम्ही घामात, असा गेला. वैशाखात कुंभारीहून एक लांबच्या नात्यातल्या बाई समाचाराला आल्या. पंख्याखाली पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "आत कूलरचा आवाज येतोय. कुणी झोपलंय का?"

"बाळंतीण हाय," अव्वा म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण अव्वांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि शांतपणे विचारलं, "साकर पुरंशी हाय ना च्यात?" खरा प्रकार त्यांनी बाईंचा चहा संपल्यावरच सांगितला. बाईंना आधीची कल्पना जास्त सोसण्यासारखी वाटली असावी, कारण त्या लगेच उठल्या.

मे संपता संपता अंडी पुन्हा खचायला लागली. या वेळी दोन-तीन नव्हे, जवळजवळ सगळीच. सालांना खळगे पडले. पिल्लं बाहेर यायच्या आधी असं होतं, हे मी वाचलं होतं. अंडी मेल्यावरही असंच होतं, हेही वाचलं होतं. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच पानावर. पारा बरोबर होता, ओल बरोबर होती, आणि आता करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. बायकोच्या शेवटच्या आठवड्यातही असाच मी सगळं बरोबर करून बसलो होतो. अव्वांनी पाटावर बसून शेंगा सोलता सोलता एवढंच म्हटलं, "जेवून घ्या. तुमी उपाशी ऱ्हायल्यानं ती काय लवकर येत न्हाईत."

एका सकाळी पाणी बदलायला गेलो, तर मादीचं वेटोळं सैल झालेलं होतं. सर्वांत कडेच्या अंड्याला ब्लेडने मारावी तशी चीर पडली होती आणि त्या चिरेतून एक नाकाडं बाहेर आलेलं. अंगठ्याच्या नखाएवढं. ते हलत नव्हतं. मग त्याने जीभ बाहेर काढली.

"अव्वा!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की त्या लाटणं घेऊनच धावत आल्या.

आम्ही सकाळभर दोन खुर्च्या टाकून बसलो. पोळीचं पीठ तसंच वाळत पडलं. दुपारी ते पहिलं पिल्लू अंड्यातून सुटलं आणि आईपासून लांब, काचेच्या दाराजवळ येऊन पेन्सिलीसारखं पडून राहिलं. बायको साप कसा उचलायची ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं: खालून, सावकाश, न घाबरता. मी दार किंचित सरकवलं आणि तसाच हात पुढे केला. पिल्लाने मान मागे घेतली आणि माझ्या तर्जनीला कडकडून चावलं.

दुखलं असं नाही, टाचणी टोचल्यासारखं झालं. रक्ताचे बारीक ठिपके उमटले. पण मी असा दचकलो की खुर्चीसकट मागे गेलो, आणि अव्वा हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या घरात जानेवारीपासून असं कुणी हसलं नव्हतं.

"लेक माजी अशीच," त्या म्हणाल्या. "दात आल्या आल्या पैल्यांदा मलाच चावली. अय्यो, जावईबापू, तोंड बगा की तुमचं!"

मी दार लावून बोट तोंडात धरलं होतं आणि हसतही होतो, त्यामुळे मला बोलता येईना. तेवढ्यात वेटोळ्याच्या आत दुसऱ्या एका अंड्यावर चीर दिसली. अव्वांनी माझी खुर्ची सरळ केली आणि स्वतःच्या खुर्चीशेजारी, काचेपासून हातभर मागे ठेवली.

"ह्याला हितनंच बगा," त्या म्हणाल्या.