खंडेनवमीला बंद झालेलं बटण

संघप्रिया कोडोलीची. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण, आणि असली हट्टी बाई मी आख्ख्या कोल्हापुरात दुसरी बघितली नाही. मटणाच्या दुकानातनं बकऱ्याची ताजी हृदयं आणायची, वाटायची, गाळायची आणि त्यातनं पेशीतलं एक बारीकसं यंत्र वेगळं काढायचं, हे तिचं संशोधन. "पेशीपेशीत हे चाक गरगर फिरतंय, क्रांती. त्याच्या जिवावर आपण जगतोय," असं ती मला ऐकवायची. त्याची घडण बघायची तर आधी त्याचे स्फटिक करायचे, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. आणि स्फटिक म्हणजे महालहरी जात! जरा गरम झालं की विरघळले.

किती वर्षं काही धरेना. दोन हजार एक साली एकदाचे धरले. मुंबईच्या क्ष-किरण यंत्रावर दसरा झाल्याझाल्या तिची पाळी लागली. आमच्या सरांनी बजावलं होतं, "या खेपेला जमलं नाही तर विषय सोडायचा." तिनं स्फटिक थंड कपाटात ठेवले, 'दार उघडू नये' असा कागद डकवला आणि अशोक विजयादशमीसाठी कोडोलीला गेली. मीही माझ्या गावी, नेसरीला गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परत आलो. कपाटावर झेंडूचा हार, हळद-कुंकू.

"कपाटाचा आवाज का येत न्हाय गं?" ती म्हणाली.

तेवढ्यात आमचे शिपाई पिराजीमामा पेढे घेऊन हसत आले. "खंडेनवमी न्हवं का! वरीसभर राबत्यात बिचारी. समद्या मशिनी पुसल्या, बटणं बंद केली, इसावा दिला. आता लावायलाच आलोय. तुमच्या कपाटाचं दार मातूर उघाडलं न्हाय, कागूद वाचला की मी!"

संघप्रियानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थेंब बघितला. सगळे नितळ. एकही स्फटिक नाही.

सर आले आणि कडाडले, "कपाट कुणी बंद केलं?" मामा तोवर पलीकडच्या खोलीतल्या मशिनी लावायला गेले होते. ते रोजंदारीवर होते, त्याच महिन्यात कायम व्हायचे होते. मी तोंड उघडणार, तोच संघप्रियानं माझ्या पायावर पाय दाबला. "मीच, सर. चुकून."

सरांनी मुंबईची पाळी रद्द केली. नको नको ते बोलले.

ते गेल्यावर मी तिच्यावर खेकसले, "येडी हायस काय तू?"

"मामांनी कागद पाळला, क्रांती. बटणावर मी काही लिहिलं नव्हतं. त्यांच्या घरची चूल पेटायची आहे."

मला संताप आवरेना. तिनं सरांच्या हातापाया पडून एक वर्ष मागून घेतलं. पुन्हा हृदयं, पुन्हा वाटणं-गाळणं. माझ्या पोटात काही राहत नाही. मामा कायम झाल्याचे पेढे घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पेढ्याचा पुडा तसाच घेऊन ते माघारी गेले.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा स्फटिक धरले. आता मात्र शेवटची संधी. ती गावी जायला तयार होईना. मामाच म्हणाले, "ताई, तुमी जावा. तुमचा मोठा सण हाय. मी हाय की हितं."

परत आलो तर व्हरांड्यातल्या सगळ्या मशिनींना हार. कोडोलीच्या खिरीचा डबा घेऊन संघप्रिया पुढं पळाली.

आत मामा स्टुलावर बसले होते, पाठ भिंतीवरच्या बटणाला टेकवून. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. खंडेनवमीपासनं ते घरी गेलेच नव्हते. दसऱ्याचं सोनं वाटायलासुद्धा नाही.

"चालू हाय, ताई," ते म्हणाले. "हिला हार न्हाय, इसावा न्हाय. कुणाला हात लावू दिला न्हाय."

संघप्रियानं आधी डबा उघडून मामांच्या हातात दिला, "खावा आधी," म्हणाली, आणि मग सूक्ष्मदर्शकाशी बसली. मामांचा घास हातातच राहिला.

"हायत," ती म्हणाली. "मामा, समदे हायत."

पिराजीमामा खिरीचा डबा पोटाशी धरून ढसाढसा रडले.