अप्पांना सांगितलेलं खरं

हे मी कुणाजवळच बोलले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलतेय — माहीत नाही. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

मी विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. म्हणजे माणसावर कधी काय ओढवू शकतं त्याची शक्यता मांडायची, आणि त्यावरून हप्ता किती असावा ते ठरवायचं. परभणीत आमच्या गल्लीतले लोक अजून मला विमा एजंट समजतात. समजू देत. तो विषय नाही.

विषय वैशालीचा आहे.

बी.एस्सी.ला आम्ही दोघी गणिताला होतो. मी परभणीचीच, ती पिंगळीहून रोज रेल्वेनं यायची. गाडीला उशीर झाला की धापा टाकत वर्गात शिरायची, आणि बसता बसता फळ्यावरची सरांची चूक दाखवायची. सर चिडायचे नाहीत, हसायचे. माझ्याकडे बघून ते तसे कधी हसले नाहीत. हे माझ्या लक्षात कधी आलं, सांगता येत नाही. पण आल्यावर ते डोक्यातून गेलं नाही.

ॲक्च्युअरी हा शब्द वर्गात मी आणला. पुण्याच्या मावसभावाकडून ऐकलेला. म्हणून तो माझा, असं मला वाटायचं — शब्द असा कुणाचा असतो का? वैशालीनं मात्र तो धरूनच ठेवला. पुस्तकांच्या झेरॉक्स आणल्या, सुटीतही गणितं सोडवत बसली. मला संभाव्यता काही केल्या समजत नव्हती. मी सूत्रं पाठ करायचे. संभाव्यता तिनंच मला समजावली. स्टेशनच्या बाकड्यावर, तिची गाडी येईपर्यंत. "पाठ नको करू गं. आधी काय झालंय ते बघ, मग पुढं काय होऊ शकतंय ते कळतंय." आजही मी तसाच विचार करते. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. टाळत होते बहुतेक.

शेवटच्या वर्षी ठरलं — दोघींनी पुण्याला जायचं, एक खोली घ्यायची, ॲक्च्युअरीच्या परीक्षेची तयारी करायची. ती खुशीत होती. मीही, वरून. आत मात्र एकच घोर — सोबत पेपर दिला, ती पास झाली आणि मी नापास झाले तर?

आणि एका दुपारी अप्पा आमच्या घरी आले. तिचे वडील. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, शेतातून तसेच मोटारसायकलवर आलेले. घरात मी एकटीच होते. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाले. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले.

"पोरी, तू शिकलेल्या घरची. खरं सांग मला. वैशाली पुण्याला जाते म्हणायलीय. त्या परीक्षेत काही राम हाय का? मला त्यातलं काई कळत न्हाई. तू सांगशील तसं करतो."

तू सांगशील तसं.

मी काय सांगितलं? खरंच सांगितलं. परीक्षा लय अवघड असतात अप्पा, पेपरांमागून पेपर, सगळे सुटायला वर्षानुवर्षं लागतात, बहुतेक जण मध्येच सोडतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त — ती आमच्या वर्गात सगळ्यात हुशार आहे, हे मी बोलले नाही. ती पास होणारच याची मला खात्री होती, तेही बोलले नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला तशी मी थांबले का? उलट पुढं म्हणाले, "तिनं बी.एड. केलेलं बरं." हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

जाताना ते म्हणाले, "मी आलतो म्हणून तिला सांगू नको. वाईट वाटंल तिला."

मी मान हलवली. मला हलकं वाटलं — हो, हलकंच वाटलं.

वैशाली घरी भांडली. जेवण सोडलं. मग कॉलेजात येऊन माझ्याच खांद्यावर रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं. अप्पांकडे जाऊन शब्द फिरवता आला असता. पिंगळी अशी कितीशी लांब आहे?

मी पुण्याला गेले. आपटत-धोपटत, पण पेपर सुटत गेले. तिचं बी.एड. झालं, लग्न झालं, ती पूर्णेला गेली. लग्नाच्या गर्दीत अप्पांनी मला बाजूला बोलावलं. तोवर माझा पहिला पेपर सुटल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं, आता विचारणार — मग तू कशी पास झालीस? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं पोरी, तू खरं सांगितलंस." इतकंच म्हणाले. अप्पा आता नाहीत.

वैशाली शाळेत गणित शिकवते. माझा पेपर सुटला की पहिला फोन तिचा यायचा. तिचं बरं चाललंय, असं सगळे म्हणतात. पण तसं म्हणायचा हक्क मला आहे का?

यंदा दिवाळीत पूर्णेला गेले. सांगायचंच, असं ठरवून. ती भजी तळत होती, मी ओट्याला टेकून उभी. सुरुवात कुठून करावी ते सुचेना. तेवढ्यात कढईकडे बघत तीच म्हणाली, "अप्पाचा काही दोष नव्हता गं. मलाच त्यांना नीट समजावता आलं न्हाई. दुसरी कुणी असती तर पटवलं असतं तिनं."

इतकी वर्षं ती असं समजत होती. आणि मला ते माहीतही नव्हतं — का माहीत करून घ्यायचं नव्हतं?

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. 'अप्पा माझ्याकडे आले होते' — इतकंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "असेल."

तिनं मान हलवली, आणि झारा पुन्हा तेलात घातला.